चालू रेकॉर्डिंगमध्ये डोकावताना

भोर तालुक्यातल्या एका वाडीत आम्ही जात्यावरच्या ओव्यांचं चित्रीकरण करत होतो. कॅमेऱ्याची वायर लॅपटॉपला आणि लॅपटॉप भिंतीवरच्या सॉकेटला जोडलेला. गाणाऱ्या आजी ८३ वर्षांच्या. अर्धा तास झाला असेल, त्यांची नात माझ्या खांद्याशी येऊन हळूच म्हणाली, "दादा, मघाची ती भावाची ओवी परत दाखवा ना." मी म्हटलं, "रेकॉर्डिंग बंद केलं की दाखवतो." ७१व्या मिनिटाला वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच कामातून गेलेली, त्यामुळे पडदा तिथल्या तिथे काळा झाला. पाऊण तासाने वीज आली. फोल्डरमध्ये फाइल जागेवर होती, आकार ४ जीबीच्या वर, आणि कुठल्याही प्लेअरमध्ये ती उघडत नव्हती.

त्या दिवशी या मला दोन वेगळ्या गोष्टी वाटल्या होत्या. नातीला ओवी दाखवता आली नाही ही गैरसोय आणि फाइल गेली हा अपघात. पुढे व्हिडिओ फाइलीच्या पोटात काय असतं ते शिकत गेलो, तेव्हा कळलं की दोन्हींचं मूळ एकच. जी फाइल लिहिली जात असताना वाचता येते, तीच वीज गेल्यावर हाती लागते. चालू रेकॉर्डिंग बघता येणं ही चैनीची सोय मानली जाते, सेटिंगमध्ये कुठेतरी कोपऱ्यात पडून असते. मला ती रेकॉर्डिंगच्या जिवाशी निगडित वाटते, म्हणून हा सगळा प्रश्न एकदा नीट मांडावासा वाटला.

चालू रेकॉर्डिंग बघण्याची गरज फाइलींपेक्षा जुनी आहे. तीन हेडच्या टेपरेकॉर्डरवर ती अर्धीमुर्धी भागतही असे. पहिलं हेड जुनं पुसायचं, दुसरं नवं लिहायचं आणि थोडं पुढे बसवलेलं तिसरं हेड नुकतंच लिहिलेलं वाचायचं. स्टेफान कुडेल्स्की यांच्या नाग्रा यंत्रावर सिनेमाचा आवाज घेणारे ध्वनिमुद्रक हेडफोनमध्ये थेट मायक्रोफोनचा आवाज ऐकू शकत, तसाच टेपवर उमटलेला आवाजही ऐकू शकत. हेडवर मळ बसला असेल, टेप वाईट असेल, तर तिथल्या तिथे कळायचं. मात्र हे ऐकणं दोन हेडमधल्या अंतराएवढंच मागे असायचं. पाच मिनिटांपूर्वीचं ऐकायचं तर टेप थांबवून मागे फिरवावी लागे, आणि टेप थांबली की रेकॉर्डिंग थांबलं.

टीव्हीवरच्या खेळांनी हा पेच पहिल्यांदा चव्हाट्यावर आणला. ७ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेत आर्मी विरुद्ध नेव्ही हा फुटबॉल सामना सीबीएस वाहिनीवर चालू असताना दिग्दर्शक टोनी व्हर्ना यांनी नुकताच झालेला डाव पुन्हा दाखवला. त्यासाठी आणलेलं टेपयंत्र कपाटाएवढं होतं, वजन हजार पौंडांच्या वर. निवेदकाला प्रेक्षकांना बजावून सांगावं लागलं की आर्मीने दुसऱ्यांदा गुण मिळवलेला नाही, हा मघाचाच डाव आहे. मला या प्रसंगातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती व्हर्नांची युक्ती. टेपवर हवी ती जागा नेमकी सापडावी म्हणून त्यांनी आवाजाच्या पट्टीवर खुणेचे सूर टाकले होते. टेप मागे फिरवताना ते सूर ऐकायचे आणि जागा ओळखायची. चालू कामातून मागचं शोधायचं असेल तर खुणा काम चालू असतानाच टाकाव्या लागतात, हे त्यांनी ओळखलं होतं. पुढची सगळी गोष्ट या एका ओळखीभोवती फिरते.

१९६७ मध्ये अँपेक्स कंपनीने एचएस-१०० हे यंत्र आणलं. त्यात टेपच्या जागी फिरत्या धातूच्या तबकड्या होत्या आणि ३० सेकंदांचं चित्र मावत असे. तबकडीवर हेड कुठेही उडी मारू शकतं, टेप गुंडाळत बसावी लागत नाही. फरक दिसायला छोटा, पण इथून रीप्ले खरा मोकळा झाला. १९९४ मध्ये बेल्जियममध्ये स्थापन झालेल्या ईव्हीएस कंपनीने हेच काम संगणकाच्या हार्ड डिस्कवर नेलं. कॅमेऱ्यांची चित्रं अखंड डिस्कवर उतरत राहतात, जागा संपली की सगळ्यात जुन्यावर नवं लिहिलं जातं आणि यंत्रावरचा माणूस गोल चाक फिरवून मागच्या चेंडूवर जातो, लिव्हरने गती कमी-जास्त करतो. रेकॉर्डिंग त्या वेळीही चालूच असतं. क्रिकेटच्या प्रक्षेपणात आज आपण जो प्रत्येक रीप्ले बघतो तो या घराण्यातला.

आपल्याकडच्या लोकांच्या मनात रीप्ले म्हटलं की एक तारीख असते. नोव्हेंबर १९९२, डर्बनचं किंग्जमीड मैदान. जाँटी ऱ्होड्सच्या फेकीवर सचिन तेंडुलकर धावबाद झाला की नाही, हे मैदानावरच्या सिरिल मिचली यांनी स्वतः ठरवलं नाही. टीव्हीसमोर बसलेल्या कार्ल लीबेनबर्ग यांच्याकडे त्यांनी निर्णय सोपवला. तिसऱ्या पंचाने बाद दिलेला जगातला पहिला फलंदाज आपला सचिन, धावा ११. त्या निर्णयामागे काय लागलं ते बघा: थेट प्रक्षेपण चालू, कॅमेरे चालू आणि तरीही काही सेकंदांपूर्वीचं दृश्य कुणाच्या तरी समोर थांबवून ठेवलेलं. खेळाचा कायदाच या सोयीवर उभा राहिला.

घरात ही सोय यायला १९९९ साल उजाडलं. व्हीसीआरवर एक कार्यक्रम रेकॉर्ड होत असताना त्याचाच आधीचा भाग बघणं अशक्य होतं, टेप एक आणि तिची दिशाही एकच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सोनी विरुद्ध युनिव्हर्सल खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी घरगुती रेकॉर्डिंगला मान्यता दिली, तीही 'नंतर बघण्यासाठी' एवढ्यापुरतीच. टीव्हो आणि रीप्लेटीव्ही या दोन यंत्रांनी हे 'नंतर' हव्या त्या क्षणी आणून ठेवलं. टीव्हो उभी करणारे जेम्स बार्टन आणि माइक रॅम्से हे सिलिकॉन ग्राफिक्समधून आलेले. त्यांचं सुरुवातीचं यंत्र १४ तासांचं चित्र साठवायचं आणि बघत असलेल्या वाहिनीचा मागचा अर्धा तास कायम हाताशी ठेवायचं. फोन आला, थांबवा. परत आलात, पुढे चालू करा. २००१ मध्ये मिळालेल्या त्यांच्या पेटंटचं नाव 'मल्टिमीडिया टाइम वॉर्पिंग सिस्टिम'. त्यातली मेख अशी: येणारा प्रवाह नुसता डिस्कवर ओतायचा नाही, तर चित्राचे आणि आवाजाचे तुकडे येता येताच ओळखायचे आणि कुठला तुकडा कुठे पडला याची नोंद त्याच वेळी ठेवायची. व्हर्नांचे खुणेचे सूर इथे यंत्राच्या भाषेत आले. याच पेटंटवरून टीव्हो आणि डिश नेटवर्क यांच्यात वर्षानुवर्षं खटला चालला आणि २०११ मध्ये ५० कोटी डॉलर्सवर तडजोड झाली. आपल्याकडे २००८ मध्ये टाटा स्काय प्लस आला, तेव्हा चालू मालिका थांबवून कुकर बंद करून येणं घराघरांत शक्य झालं.

ही यंत्रं बंदिस्त होती. डिस्क त्यांची, नोंदवही त्यांची, वाचणाराही त्यांचाच. लिहिणारा आणि वाचणारा एकाच छपराखाली असतील तर समजूत घालणं सोपं. खरा प्रश्न उभा राहतो तो लिहिणारा एक आणि वाचणारा भलताच असतो तेव्हा. तुमच्या लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर रेकॉर्ड करतं आहे आणि तुम्हाला साध्या प्लेअरमध्ये तीच फाइल उघडायची आहे. आता फाइल कोणत्या जातीची आहे यावर सगळं ठरतं.

सगळ्यात जास्त वापरातली जात एमपी४. तिची बांधणी ॲपलच्या १९९१ मधल्या क्विकटाइमवरून आलेली. आत पेट्या असतात. 'एमडॅट' नावाच्या पेटीत चित्र आणि आवाज, 'मूव्ह' नावाच्या पेटीत त्यांची अनुक्रमणिका. ही अनुक्रमणिका साधीसुधी नाही. असं पुस्तक डोळ्यासमोर आणा, ज्यात पानं नाहीत, परिच्छेद नाहीत, दोन शब्दांत जागासुद्धा सोडलेली नाही. अक्षरांची एकच अखंड पट्टी. कुठला शब्द किती अक्षरांचा आणि कुठून सुरू होतो, हे फक्त मागच्या अनुक्रमणिकेत. एमडॅट तशी असते. एका तासाच्या रेकॉर्डिंगमध्ये सेकंदाला २५ या हिशेबाने ९०,००० फ्रेम होतात. प्रत्येक फ्रेमचा आकार, जागा आणि वेळ मूव्हमध्ये लिहिलेली असते. एवढंच नाही, चित्र कोणत्या पद्धतीने दाबलं आहे, रुंदी-उंची किती, ते उलगडायचं कसं, ही माहितीही बहुधा तिथेच. आणि रेकॉर्डिंग संपल्याशिवाय एकूण फ्रेम किती होणार हे कळत नाही, म्हणून बहुतेक सॉफ्टवेअर मूव्ह लिहितात ती सगळ्यात शेवटी, 'थांबवा'चं बटण दाबल्यावर.

माझी ७१ मिनिटं अशी गेली. सेकंदाला ८ मेगाबिट या दराने तासाला साधारण ३.६ जीबी होतात, आणि त्यांची अनुक्रमणिका जेमतेम एक-दोन एमबीची. आजींचा आवाज, जात्याची घरघर, मागच्या दारातून येणारं ऊन, सगळं डिस्कवर शाबूत होतं. नव्हती ती एवढीशी किल्ली, कारण ती मेमरीत तयार होत होती आणि विजेबरोबर मेमरीही गेली. नातीने ओवी मागितली तेव्हाही ती किल्ली डिस्कवर नव्हतीच. तिला नकार देताना खरं तर फाइलच मला सांगत होती की अजून माझ्यावर भरवसा ठेवू नका.

विंडोजसाठी आलेली १९९२ ची एव्हीआय ही जुनी जात थोडीफार याच वळणाची. तिचीही सूची शेवटी, पण प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर त्याचा आकार लिहिलेला असल्याने सूची नसली तरी सुरुवातीपासून वाचत जाता येतं.

याच्या अगदी उलट स्वभावाची जात म्हणजे ट्रान्सपोर्ट स्ट्रीम. ही प्रक्षेपणासाठी जन्मली, फाइलीसाठी नव्हे. डिजिटल टीव्ही लावणारा माणूस कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच येईल असं नसतं. तो मध्येच येणार, सिग्नल तुटणार, पुन्हा येणार. म्हणून सगळा प्रवाह १८८ बाइटच्या एकसारख्या पाकिटांत कापलेला, प्रत्येक पाकिटाच्या तोंडाशी ओळखीची तीच खूण आणि आत काय काय आहे याचा तक्ता सेकंदात अनेकदा पुन्हा पुन्हा. आषाढीसाठी आळंदीहून निघणाऱ्या पालखी सोहळ्यात दिंड्यांना क्रमांक असतात, काही रथापुढे, काही रथामागे. तुम्ही रस्त्याच्या कडेला कुठेही उभे राहा, समोरून जाणाऱ्या दिंडीचा फलक वाचून आपण सोहळ्यात कुठे आहोत ते कळतं. सुरुवात आणि शेवट बघावा लागत नाही. ट्रान्सपोर्ट स्ट्रीमचं तसंच आहे. अर्धी लिहिलेली फाइल आणि पूर्ण लिहिलेली फाइल यांत तिच्या लेखी फरकच नाही. म्हणून टीव्हीचं रेकॉर्डिंग करणारी बहुतेक सॉफ्टवेअर आजही हीच जात वापरतात. दोष आहेत. पाकिटांच्या वेष्टनात थोडी जागा वाया जाते, आणि हव्या त्या मिनिटावर उडी मारायची तर अंदाजाने शोधावं लागतं. तिचं घड्याळही ३३ बिटांचं आणि सेकंदाला ९०,००० ठोक्यांचं, त्यामुळे सुमारे साडेसव्वीस तासांनी ते शून्यावर येतं. दिवसरात्र चालणाऱ्या रेकॉर्डिंगला हे सांभाळावं लागतं.

या दोन टोकांच्या मधला शहाणा मार्ग मात्रोष्काने काढला. एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांवरून हे नाव. २००२ च्या अखेरीस स्वयंसेवकांनी सुरू केलेलं हे काम, आणि २०२४ मध्ये आरएफसी ९५५९ म्हणून त्याला इंटरनेटच्या मानकांमध्ये अधिकृत जागा मिळाली. त्याची फाइल एमकेव्ही. चित्र आणि आवाज काही सेकंदांच्या गठ्ठ्यांत बांधलेले, आणि प्रत्येक गठ्ठ्यावर त्याची वेळ. कोडेकची, म्हणजे चित्र-आवाज दाबण्याच्या पद्धतीची, माहिती सुरुवातीलाच. झटपट उडी मारण्यासाठीची सूची शेवटी येते खरी, पण ती नसेल तर फाइल अडून बसत नाही, फक्त उडी मारायला जरा वेळ लागतो. एकूण लांबी ठाऊक नाही असं सांगण्याचीही तिच्या रचनेत सोय आहे. आपण अजून पूर्ण झालेलो नाही, हे फाइलने उघडपणे सांगणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

वृत्तवाहिन्यांच्या जगात हा प्रामाणिकपणा थेट नियमांत लिहिलेला आहे. तिथे एमएक्सएफ चालते. तिचे विभाग पाडलेले असतात आणि प्रत्येक विभागाच्या माथ्यावर तो 'उघडा' की 'बंद', 'पूर्ण' की 'अपूर्ण', ही अवस्था नोंदवायची असते. संकलनाच्या सॉफ्टवेअरला त्यावरून कळतं की ही फाइल वाढती आहे, थोड्या वेळाने पुन्हा येऊन बघ. दसरा मेळाव्याचं भाषण चालू आहे, वक्ता शेवटच्या मुद्द्यापर्यंत पोचलेलाही नाही आणि पहिल्या वीस मिनिटांतलं गाजणारं वाक्य कापून, पट्टी लावून प्रक्षेपित झालेलं असतं. 'वाढती फाइल' हा त्या धंद्यातला रोजचा शब्द आहे. त्या लोकांना एका वाक्यासाठी भाषण संपण्याची वाट बघणं परवडत नाही, म्हणून त्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवून घेतला. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला, कीर्तन रेकॉर्ड करणाऱ्याला, आईची मुलाखत घेणाऱ्या मुलीला ही सोय आपोआप मिळायला मात्र फार वर्षं लागली.

एमपी४ लाही दुरुस्ती झाली, तिचं नाव तुकड्यांची एमपी४. मूव्ह पेटी सुरुवातीलाच ठेवायची, तिच्यात फक्त कोडेकची माहिती, फ्रेमचा हिशेब शून्य. मग दर काही सेकंदांनी एक छोटी अनुक्रमणिका आणि तिच्यामागे तेवढ्यापुरतं चित्र. वीज गेली तर शेवटचा तुकडा जातो, बाकीचं राहतं. आयफोन आणि मॅकवर रेकॉर्डिंगची सोय पुरवणाऱ्या ॲपलच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये क्विकटाइम फाइलीसाठी हा हिशेब मुळातच दर १० सेकंदांनी लिहिला जातो. तुकड्यांच्या फाइलीचा त्रास वेगळा. जुनी संकलन सॉफ्टवेअर तिच्याकडे बघून गोंधळतात, आणि तीन तासांच्या फाइलीत मध्यावर उडी मारायची तर शेकडो छोट्या अनुक्रमणिका चाळाव्या लागतात.

यावरचं मला सगळ्यात पटलेलं उत्तर ओबीएस स्टुडिओ या मोफत सॉफ्टवेअरने २०२४ च्या ३०.२ या आवृत्तीत आणलं. त्याला ते संकरित एमपी४ म्हणतात. रेकॉर्डिंग चालू असताना फाइल तुकड्यांची असते. थांबवल्यावर शेवटी पूर्ण अनुक्रमणिका लिहिली जाते आणि सुरुवातीला राखून ठेवलेल्या जागेत थोडी दुरुस्ती करून मधल्या सगळ्या तुकड्यांना एकाच मोठ्या एमडॅट पेटीचं रूप दिलं जातं. बाहेरून बघणाऱ्याला ती नेहमीची एमपी४ वाटते. अपघात झाला तर तुकड्यांची फाइल हाती राहते, सुखरूप संपलं तर नेहमीची. त्याआधी ओबीएस वापरणाऱ्यांना एमकेव्हीत रेकॉर्ड करून मग एमपी४ मध्ये भरून घेण्याचा सल्ला दिला जायचा, आणि कुणी थेट एमपी४ निवडली तर पडद्यावर इशारा यायचा. त्या इशाऱ्याने किती लोकांची रेकॉर्डिंग वाचवली असतील याचा विचार करून मला त्या अनोळखी प्रोग्रामरांबद्दल कृतज्ञता वाटते.

फाइलीची जात योग्य निवडली तरी काम तिथे संपत नाही. मध्ये ऑपरेटिंग सिस्टिम बसलेली असते. विंडोजमध्ये फाइल उघडताना प्रत्येक प्रोग्रामला सांगावं लागतं की माझ्याबरोबर आणखी कुणाला वाचू द्यायचं, कुणाला लिहू द्यायचं. लिहिणाऱ्याने 'वाचू द्या' म्हटलेलं नसेल, किंवा वाचणारा 'दुसरा लिहीत असला तरी चालेल' हे सांगायचं विसरला असेल, तर 'फाइल वापरात आहे' एवढंच उत्तर मिळतं. लिनक्सवर हा अडसर सहसा नसतो. विंडोजच्या फोल्डरमध्ये चालू रेकॉर्डिंग कधी कधी ० केबी दिसतं आणि माणूस घाबरून रेकॉर्डिंग बंद करतो. घाबरू नये, फोल्डरमधला आकडा उशिरा बदलतो, डिस्कवर चित्र उतरत असतं. फाइल नेटवर्कवरच्या दुसऱ्या संगणकावर असेल तर आणखी एक उशीर. एनएफएससारख्या पद्धतीत फाइलीचा आकार काही सेकंद, कधी मिनिटभरसुद्धा जुनाच दाखवला जातो.

मग प्लेअर. बरेच प्लेअर फाइल उघडताना लांबी एकदाच बघतात. तुम्ही २० मिनिटांचं रेकॉर्डिंग झालेलं असताना उघडलंत तर २०व्या मिनिटाला येऊन ते 'संपलं' म्हणतात, फाइल तोवर ४० मिनिटांची झालेली असली तरी. बंद करून पुन्हा उघडावं लागतं. ज्यांनी याचा विचार केला त्यांनी सोय ठेवली आहे. एमपीव्ही या प्लेअरला फाइलीच्या नावाआधी एक शब्द जोडून सांगता येतं की ही वाढती फाइल आहे. मग शेवटाशी आला की तो सुमारे दोन सेकंद नव्या मजकुराची वाट बघतो. एफएफएमपेग या सॉफ्टवेअरमध्येही फाइलीचा माग धरून बसण्याचा पर्याय आहे.

आणि एवढं सगळं जमलं तरी अगदी 'आत्ता'ला हात लागत नाही. दाबलेल्या चित्रात पूर्ण फ्रेम मधूनमधूनच येते, तिच्या मधल्या फ्रेम नुसते बदल सांगतात. चित्र दाबणाऱ्या एक्स२६४ या प्रसिद्ध एन्कोडरचं मूळ सेटिंग दोन पूर्ण फ्रेममध्ये जास्तीत जास्त २५० फ्रेमचं अंतर राहू देतं, म्हणजे सेकंदाला २५ असतील तर १० सेकंदं. तुकडे पूर्ण फ्रेमपाशी पडत असतील तर तेवढा वेळ तुकडा डिस्कवर येतच नाही. हे अंतर दोन सेकंदांवर आणलं की फाइल थोडी जाड होते, पण डोकावणं खूप जवळचं होतं. मी तसंच ठेवतो.

इंटरनेटवरच्या थेट प्रक्षेपणाने या सगळ्या अडचणींना बाजूने वळसा घातला. ॲपलने २००९ मध्ये आणलेल्या एचएलएस पद्धतीत वाढती फाइल नसतेच. काही सेकंदांच्या छोट्या छोट्या पूर्ण झालेल्या फाइली, आणि वाढते ती फक्त त्यांची यादी, साधा मजकूर असलेली. आधी एकेक फाइल १० सेकंदांची ठेवायची शिफारस होती, नंतर ६. कार्यक्रम संपला की यादीच्या तळाशी समाप्तीची ओळ येते. ती नसेल तर प्लेअर समजतो की अजून येणार आहे. गणपतीची विसर्जन मिरवणूक थेट बघताना न्यू जर्सीतला माणूस पट्टी मागे ओढून मघाचं ढोलपथक पुन्हा बघतो, तो या यादीच्या बळावर. गाडीच्या काचेवरचे कॅमेरेही असेच मिनिटा-दोन मिनिटांच्या फाइली पाडत जातात, कारण अपघात झाला तरच त्यांचं रेकॉर्डिंग कामाचं आणि अपघातातच त्यांची वीज तुटण्याची भीती.

सीसीटीव्हीबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. तिथे चालू रेकॉर्डिंग मागे जाऊन बघता येणं हेच मुख्य काम, आणि ते यंत्र ते करतंही. पण बऱ्याच उत्पादकांनी डिस्कवरची मांडणी आणि नोंदवही आपल्या मालकीची, इतरांना न कळणारी ठेवली आहे. आमच्या सोसायटीतली स्कूटर चोरीला गेली तेव्हा पहारेकऱ्याने दहा मिनिटांत दृश्य शोधून दाखवलं. ते पोलिसांना द्यायला पेनड्राइव्हवर घेतलं, तर चौकीतल्या संगणकावर उघडेना. त्याच कंपनीचा प्लेअर हवा होता. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आणि रेकॉर्डिंग १८ महिने टिकवण्याचा आदेश दिला. दीड वर्षाने कुणा आरोपीच्या आईला त्यातली पाच मिनिटं हवी असतील, तर ती कोणत्याही प्लेअरमध्ये उघडली पाहिजेत. उघड मानकं उपलब्ध असताना बंदिस्त मांडणी वापरणं हा पुराव्यावर अन्याय आहे असं माझं मत आहे.

माझ्या त्या फाइलीचं पुढे काय झालं तेही सांगतो. अनट्रंक नावाचं एक मोफत साधन आहे. त्याला तुटलेल्या फाइलीबरोबर, त्याच उपकरणावर त्याच सेटिंगने केलेली एक शाबूत फाइल द्यायची. त्या फाइलीच्या मूव्हमधून ते कोडेकची माहिती उचलतं आणि मग तुटलेल्या एमडॅटमध्ये पहिल्या बाइटपासून चाचपडत जातं: ही फ्रेम असावी, हा आवाजाचा तुकडा असावा. हरवलेली अनुक्रमणिका नव्याने रचायची ही पद्धत. मी दोन दिवस घालवले. चित्र जवळजवळ सगळं मिळालं. आवाज पहिल्या अर्ध्या तासात ओठांना धरून होता, नंतर हळूहळू मागे पडत गेला, आणि शेवटी जातं थांबलेलं दिसतं तेव्हा ओवी चालूच असते. तो भाग मी हाताने कापून जुळवला. सगळा जुळला नाही.

कार्तिकात पुन्हा त्याच वाडीत गेलो. या वेळी फाइल एमकेव्ही, पूर्ण फ्रेम दर दोन सेकंदांनी आणि लॅपटॉपशेजारी दुसरा छोटा पडदा. सुरुवातीला पाच मिनिटांनी मी चालू फाइल उघडून आवाज तपासला. नात शेजारीच बसली होती. तासाभराने तिने पुन्हा तीच मागणी केली आणि मी पट्टी मागे ओढली. लॅपटॉपचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये शिरू नये म्हणून हेडफोन लावला होता. तिने ऐकला आणि मग उठून आजींच्या डोक्यावर, पदरावरूनच, बसवला. आजींनी जात्याचा खुंटा न सोडता ऐकलं. भावाच्या ओवीपाशी आल्यावर त्यांनी मान हलवली. "मधली एक ओळ गेली की गं," म्हणाल्या. हेडफोन काढून नातीच्या हातात दिला, मूठभर दाणे जात्यात टाकले आणि ती ओवी पहिल्यापासून लावली. लाल दिवा चालूच होता. आकडा एक तास चार मिनिटांच्या पुढे सरकत होता.